किडकिडीत बाळाची चरबी

पुण्याजवळच्या सहा खेड्यांतलं नवजात बाळ सरासरी २.७ किलोचं, तर इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनचं ३.५ किलोचं. म्हणजे आपलं बाळ सगळ्याच मापांत सारखंच लहान असणार, असा कुणाचाही समज होईल. मापं घेतल्यावर भलतंच निघालं. आपल्या बाळाचं पोट आणि दंड फारच बारीक होते. पाठीवर खवाट्याखाली चिमट्यात धरलेली कातडीची घडी मात्र त्या मानानं फारशी कमी नव्हती. घट होती ती मांसाची आणि अवयवांची. चरबी बाळानं राखली होती. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये हे प्रसिद्ध केलं आणि ‘थिन-फॅट’ भारतीय बाळ वैद्यकाच्या जगात ओळखीचं झालं.

याची पेरणी दहा वर्षं आधीची. डॉ. बानू कोयाजींनी वढू परिसरात उभ्या केलेल्या आरोग्यसेवेमुळे केईएमची माणसं खेड्यांना परकी नव्हती. तिकडे साउदॅम्प्टनचे डेव्हिड बार्कर सांगत होते की जन्मतः वजन कमी असलेल्यांना पुढे हृदयविकार आणि मधुमेह जास्त गाठतात. दोन्हीकडच्या सहकार्यातून १९९३ मध्ये ‘पुणे मॅटर्नल न्यूट्रिशन स्टडी’ सुरू झाली. तिचं खरं बळ एका कंटाळवाण्या कामात आहे: दिवस राहण्याची वाट न पाहता लग्न झालेल्या बायकांच्या घरी जाऊन पाळीच्या तारखा आणि वजन-उंची नोंदवत राहणं. गरोदरपणापूर्वीची आई त्यामुळे कागदावर आली. सरासरी उंची १५२ सेंटिमीटर, वजन जेमतेम ४२ किलो.

मग ताटं मोजली. रोजचं खाणं साधारण १८०० कॅलरी, प्रथिनं ४५ ग्रॅम. कमी खाणाऱ्या बाईचं बाळ लहान, असं सरळ उत्तर निघायला हवं होतं, निघालं नाही. कॅलरी-प्रथिनांचा बाळाच्या आकाराशी फारसा संबंध दिसेना. संबंध दिसला तो पालेभाज्या, फळं आणि दूध किती वेळा पोटात जातं याच्याशी. आणि कष्टांशीही: पाणी वाहणाऱ्या, शेतात राबणाऱ्या बायकांची बाळं लहान होती. आहाराच्या चर्चेत हा हंडा नेहमीच विसरला जातो.

रक्ततपासणीत दोनतृतीयांश आयांमध्ये बी-१२ जीवनसत्त्व कमी आढळलं. फोलेट मात्र जवळपास सर्वांचं पुरेसं. बी-१२ वनस्पतींतून मिळत नाही आणि या घरांत मांसाहार क्वचित, दूधही बेताचं, तेव्हा याचं नवल नाही. नवल सहा वर्षांनी दिसलं. आईचं बी-१२ कमी आणि फोलेट जास्त, अशा जोडीतल्या मुलांची शरीरं इन्शुलिनला सगळ्यांत कमी दाद देत होती. सरकारी लोहाच्या गोळीत फॉलिक ॲसिड असतं, बी-१२ नसतं. फॉलिक ॲसिड मज्जारज्जूच्या जन्मदोषांपासून वाचवतं, त्यामुळे ते बंद करा असा अर्थ कुणी काढू नये.

पण बाळावरचा हा परिणाम बी-१२चा की गरिबीचा? जी बाई दूध-फळं घेऊ शकते तिचं घर, शिक्षण, विश्रांती सगळंच वेगळं असतं. इथे जनुकं उपयोगी पडली. एमटीएचएफआर नावाच्या जनुकाचा एक प्रकार रक्तातलं होमोसिस्टिन हे द्रव्य वाढवतो. बी-१२ कमी पडल्यासही ते वाढतं. हा प्रकार कुणाच्या वाट्याला येईल हे लॉटरीच्या चिठ्ठीसारखं ठरतं, घरची शेती किती हे पाहून नव्हे. पुणे आणि म्हैसूरच्या नोंदी एकत्र तपासल्या, बाळाचं स्वतःचं जनुकही हिशेबात धरलं, तरी हा प्रकार असलेल्या आयांची बाळं वजनाला कमी भरली. म्हणजे आईचं जनुक बाळाकडे न जाताही, गर्भाशयातल्या रसायनातून बाळावर काम करतं. आईचं जनुक हीच बाळाची परिस्थिती झाली! ‘आनुवंशिक की परिस्थितीजन्य’ हा आपला लाडका वाद इथे मला निरर्थक वाटू लागतो.

मुंबईच्या झोपडपट्ट्यांत डॉ. रमेश पोतदार आणि सहकाऱ्यांनी ताटाचीच परीक्षा घेतली. काही बायकांना गर्भधारणेपूर्वीपासून पालेभाज्या, फळं, दुधाचा खाऊ, तर काहींना बटाट्यासारख्या भाज्यांचा. एकूण गटात बाळांचं वजन वाढलं नाही. दिवस राहण्याआधी किमान तीन महिने खाऊ घेतलेल्यांत सरासरी ४८ ग्रॅमनी वाढलं. गरोदरपणातला मधुमेह मात्र १२.४ टक्क्यांवरून ७.३ टक्क्यांवर आला.

पुण्याजवळच्या खेड्यांतली ती बाळं अठराची झाली. निम्म्याहून अधिक जण किडकिडीतच, आणि तरी ३७ टक्के मुलग्यांत आणि १८ टक्के मुलींत रक्तातल्या साखरेचा तोल बिघडलेला. त्याआधी, २०१२ मध्ये, त्यांच्यावरच ‘प्रिया’ हा प्रयोग सुरू झाला होता: रोज दोन मायक्रोग्रॅम बी-१२, लग्नाच्या आधीपासून. पुढच्या पिढीचं जन्मवजन त्यानं वाढलं नाही. पण फक्त बी-१२ घेतलेल्या आयांची मुलं दोन वर्षांची असताना आकलन आणि भाषेच्या चाचण्यांत सरस ठरली.

अशा निष्कर्षांची बातमी झाली की आईच्या ताटावर बोट ठेवणं सोपं जातं. जणू काय शिजवायचं, कुणी आधी जेवायचं हे तीच ठरवते. ‘प्रिया’मध्ये गोळ्या मुलग्यांनाही दिल्या होत्या. बाप होणाऱ्याच्या पोषणाची इतक्या आधीपासून दखल घेणारे प्रयोग फार थोडे आहेत.