मॉरिशसला गेलेल्या पणजीचा शोध

कोकणातल्या काही घरांत अजून बोलतात, ‘आमच्यातलं एक माणूस मॉरिशसला गेलं, ते परत आलंच नाही.’ 1834 पासून माणसं पाच-पाच वर्षांच्या करारावर तिथल्या उसाच्या मळ्यांत राबायला जात. मुंबई बंदरातून गेलेल्यांत रत्नागिरीकडचे लोक होते, आणि त्यांत बायकाही होत्या. वंशावळीत त्यांची नावं शोधू नका, आपल्या वंशावळी बाप्यांच्याच! पण मॉरिशसच्या नोंदवहीत प्रत्येकीला स्वतःचा क्रमांक असे. नाव, बापाचं नाव, वय, गाव, जहाज, सगळं त्यात येई. या वह्या तिथल्या मोका गावी महात्मा गांधी संस्थेत जपल्यात. पुढच्या काळातल्या काहींचे फोटोही आहेत.

शोध मात्र घरातूनच सुरू होतो. आधी सर्वांत म्हाताऱ्या बाईजवळ बसा. कोण गेलं, एकटं की जोडीनं, हाक कोणत्या नावानं मारत? हे आजच विचारा, पुढच्या पावसाळ्यावर टाकू नका. आडनावावर फार विसंबू नये, असं आम्हाला वाटतं. कारकून कानाला ऐकू येईल तसं लिही, आणि तिकडे कित्येकांच्या बापाचं नावच पुढे आडनाव होऊन बसलं. गावाचं नाव धरून ठेवा, तालुक्यासकट. इंग्रजीत ते तीन-चार तऱ्हांनी लिहून पाहा.

संस्थेला लिहिताना बाईचं माहेर आणि सासर, दोन्ही गावं कळवा. भरतीच्या वेळी तिनं कोणतं सांगितलं असेल, कोण जाणे.