दोन घरे चालणारे प्यादे

बुद्धिबळाच्या पटावर घरे 64 आणि मोहरी 32. एवढे कायम राहिले, पण या खेळातले बाकीचे पुष्कळ काही बदलत गेले. वजीर पूर्वी तिरका आणि तोही एकच घर चालत असे. उंट तिरकी दोन घरे उडी मारून जाई. प्यादे पहिल्या चालीलाही एकाच घरावर थांबे. एखाद्या पुस्तकाच्या नव्या आवृत्तीत लेखकाने मजकूर दुरुस्त करावा तसे खेळाचे नियम शतकानुशतके दुरुस्त होत गेले. फरक इतकाच की या पुस्तकाला पुष्कळ काळ ना लेखक होता ना प्रकाशक. महाराष्ट्रातल्या कित्येक घरांत, खानदेशातही, मुलांना आजोबांकडून मिळणारे बुद्धिबळ अजून मधल्याच कुठल्यातरी आवृत्तीतले असते. पहिल्याच चालीला दोन प्यादी एकेक घर पुढे सारण्याची सवय त्यातलीच.

जुन्या आवृत्त्यांचा माग ग्रंथांतून लागतो. बाणभट्टाच्या हर्षचरितात, म्हणजे 7व्या शतकात, चतुरंगाचा, म्हणजे बुद्धिबळाच्या पूर्वरूपाचा, उल्लेख आहे. 12व्या शतकात कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने मानसोल्लास रचला. त्यात राजाच्या करमणुकींमध्ये हा खेळ आहेच, शिवाय एकाच घोड्याने पटावरची सगळी घरे फिरून येण्याचे कोडेही आहे. 17व्या शतकात नीलकंठ भट्टांनी नीतिमयूखात बुद्धिबळाचे वर्णन केले. नीलकंठ काशीचे, पण त्यांचे घराणे मूळचे अजिंठ्याच्या डोंगरापलीकडच्या पैठणचे. धर्म, व्यवहार आणि राजनीती यांवर लिहिणाऱ्या पंडिताला पटावरच्या चालीही लिहून ठेवाव्याशा वाटल्या, यावरून त्या काळी या खेळाला केवढा मान होता ते कळते.

खेळाच्या इतिहासातला सर्वांत मोठा बदल मात्र भारताबाहेर झाला. 15व्या शतकाच्या अखेरीस स्पेनमध्ये वजिराच्या जागी आलेल्या राणीला सरळ आणि तिरके, हवे तितके अंतर जाण्याची मुभा मिळाली. उंटालाही लांब पल्ला मिळाला. एका घराचा दुबळा मंत्री पटावरचे सगळ्यांत बलाढ्य मोहरे झाला आणि संथ खेळाला एकदम वेग आला. ही नवी ताकद पुढे भारतातल्या मोहऱ्यांनीही घेतली. मराठीने नाव मात्र बदलले नाही. चाल राणीची आणि नाव वजिराचे, हा मेळ आजही प्रत्येक मराठी पटावर दिसतो.

वजीर बदलला तरी बाकीचे देशी नियम आपल्या जागी राहिले आणि त्यांतूनच देशी बुद्धिबळ हा वेगळा खेळ घडला. मांडणीपासूनच फरक होता. आज दोन्ही राजे समोरासमोर बसतात. देशी मांडणीत एकाच्या राजासमोर दुसऱ्याचा वजीर येई. प्यादे नेहमी एकच घर चाले. किल्लेकोट, म्हणजे राजा आणि हत्ती एकाच चालीत हलवणे, नव्हता. त्याऐवजी राजाला डावात एकदाच घोड्याची अडीच घरांची उडी मारता येई, आणि तीही त्याला एकदाही शह लागला नसेल तरच. त्यामुळे समोरच्याचा हा हक्क बुडवण्यासाठी लवकर शह देऊन टाकणे हाही एक डावपेच होता. शेवटच्या ओळीत पोचलेले प्यादे हवे ते मोहरे होऊ शकत नसे. हत्तीच्या रांगेत पोचले तर हत्ती, घोड्याच्या रांगेत पोचले तर घोडा. राजाच्या रांगेतल्याला वजीर होता येई. कित्येक ठिकाणी ते मोहरे आधी मेलेले असल्याशिवाय बढतीच मिळत नसे.

सुरुवात फार संथ, म्हणून अनेक ठिकाणी खेळाडू आरंभीच्या काही चाली एकदमच करून घेत. अट अशी की पटाचा मध्य ओलांडायचा नाही. दोन प्यादी एकेक घर सारण्याची घरगुती रीत याच सवलतीची धाकटी बहीण दिसते.

देशी खेळाचे खरे सौंदर्य डावाच्या शेवटात होते, आणि नव्या नियमांत सर्वांत जास्त हानी झाली तीही तिथेच. आज जिंकणे, हरणे आणि बरोबरी असे तीनच निकाल. देशी खेळात जिंकण्यालाही प्रती होत्या. समोरच्याची सगळी मोहरी मारून राजा एकटा उरला की ती बुर्जी. तो पुरा विजय धरत नसत. कुठे अर्धा विजय म्हणत, कुठे बरोबरी. म्हणून हावरेपणाने मोहरी मारत सुटणारा खेळाडू जिंकता जिंकता फसायचा, समोरच्याच्या हाती एखादे मोहरे राखूनच मात करावी लागे. प्याद्याने केलेली मात, म्हणजे प्यादेमात, ही मोठ्या मानाची. सर्वांत क्षुद्र शिपायाने राजाला कोंडावे यात गंमत होती आणि त्यासाठी हिशेबही बराच पुढचा करावा लागे. कोंडी, म्हणजे शह नसताना समोरच्याला नियमात बसणारी एकही चाल न उरणे, काही ठिकाणी चालतच नसे. कोंडी करणाऱ्याला चाल मागे घेऊन दुसरी करावी लागे. हे सगळे बारकावे आज नियमपुस्तकाबाहेर आहेत. खेळ सुटसुटीत झाला हे खरे, पण कारागिरीची एक अख्खी शाखा त्यात गेली.

दोन आवृत्त्यांची गाठ पडल्याचा एक फार जुना छापील पुरावा मुंबईचा आहे. 1814 साली तिथे त्रिवेंगडाचार्य शास्त्री यांचे बुद्धिबळावरचे पुस्तक इंग्रजीत प्रसिद्ध झाले. मूळ संस्कृत ग्रंथ विलासमणिमंजरी. त्यातल्या डावाच्या कोड्यांचे शास्त्रीबुवांनी भाषांतर केले, आणि ती युरोपीय पद्धतीला जुळवून घेतली आहेत हे पुस्तकाच्या नावातच सांगितले. पेशवाई अजून उभी होती, आणि एक पंडित आपल्या खेळाची कोडी परक्या नियमांत बसवत होता. भाषांतर शब्दांचेच नव्हे, चालींचेही झाले.

19व्या शतकात इंग्रजांचे क्लब, छापील पुस्तके आणि परदेशी सामने यांच्याबरोबर नवे नियम शहरांत पसरले. तेव्हा युरोपातही सगळे एकसारखे नव्हते. इटलीत किल्लेकोटाचा वेगळाच सैल नियम त्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत टिकून होता. सत्यजित राय यांच्या 1977 सालच्या शतरंज के खिलाडी या चित्रपटात लखनौच्या दोन उमरावांना इंग्रजी नियम समजावून सांगितले जातात तो प्रसंग याच काळातला. प्यादे दोन घरे जाते आणि वजिराची राणी होते, हे ऐकून त्यांना नवल वाटते.

पण जुने नियम नुसते हरून गेले नाहीत. प्यादे एकच घर चालत असल्यामुळे देशी खेळाडूंचा हात वेगळा वळलेला होता. घोड्यासमोरचे प्यादे एक घर पुढे घ्यायचे आणि त्या मोकळ्या घरात उंट बसवायचा. तिथून उंट पटाच्या टोकापर्यंत मारा करतो. 1850च्या दशकात कोलकात्यात महेशचंद्र बॅनर्जी हे जॉन कॉक्रन या स्कॉटिश बॅरिस्टराशी नव्या नियमांनी खेळत, पण मांडणी जुन्या सवयीचीच करत. युरोपीय खेळाडूंना ती तेव्हा विचित्र वाटे. पुढे तिलाच भारतीय बचाव हे नाव मिळाले आणि आज जगज्जेतेपदाच्या सामन्यांतही त्या घराण्यातले बचाव खेळले जातात. अर्न्स्ट ग्रुनफेल्डने 1922 मध्ये प्रसिद्धीला आणलेली आणि त्याच्याच नावाने ओळखली जाणारी मांडणी महेशचंद्र 1855 मध्येच खेळले होते.

सुलतान खान यांची हकिकत याहून ठसठशीत आहे. पंजाबातल्या खेड्यात देशी नियमांवर वाढलेला हा माणूस नवे नियम विशी ओलांडल्यावर शिकला. तरी 1929, 1932 आणि 1933 अशी तीनदा ब्रिटिश अजिंक्यपदे त्यांनी जिंकली आणि 1930-31 च्या हेस्टिंग्ज स्पर्धेत माजी जगज्जेता कापाब्लांका यालाही हरवले. आरंभीच्या चालींत ते कच्चे होते, कारण दोन घरे धावणारी प्यादी त्यांना उशिरा भेटली. डावाचा शेवट मात्र त्यांच्यासारखा फार थोड्यांना जमे. जागतिक बुद्धिबळ संघटनेने त्यांना मानद ग्रँडमास्टर पद दिले ते 2024 मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर 58 वर्षांनी.

टेबलावरच्या दुसऱ्या एका खेळाशी ताडून पाहिले तर नियमांचा हा प्रवास जास्त स्पष्ट होतो. 18व्या-19व्या शतकांत जर्मन मुलखात बुद्धिबळ फुगवून लष्करी डावपेचांचे खेळ तयार झाले. त्याच परंपरेतून 1974 मध्ये अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा डंजन्स अँड ड्रॅगन्स हा खेळ निघाला. त्यात प्रत्येकजण योद्धा, जादूगार अशी एकेक भूमिका घेतो आणि फासे टाकून कथा पुढे नेतो. त्याच्या आवृत्त्यांना आकडे आहेत आणि तारखाही: 1989 मध्ये दुसरी, 2000 मध्ये तिसरी, 2008 मध्ये चौथी, 2014 मध्ये पाचवी, आणि 2024 पासून तिचीच सुधारित पुस्तके. दुसऱ्या आवृत्तीपर्यंत चिलखताचा आकडा जितका कमी तितके चिलखत भक्कम, तिसरीपासून नेमके उलटे. चौथी आवृत्ती पुष्कळांना रुचली नाही. जुन्या नियमांवर बेतलेला पाथफाइंडर हा खेळ 2009 मध्ये आला आणि ते तिकडे वळले. तिथे नियम बदलतो प्रकाशक, आणि खेळणाऱ्याला जुने पुस्तक कपाटात ठेवून हवी ती आवृत्ती निवडता येते. देशी बुद्धिबळाला अशी निवड मिळाली नाही. स्पर्धा, पुस्तके आणि क्रमवारी सगळे एकाच आवृत्तीकडे गेले.

1924 मध्ये पॅरिसला जागतिक बुद्धिबळ संघटना स्थापन झाली आणि 1951 मध्ये अखिल भारतीय बुद्धिबळ महासंघ. तेव्हापासून बदल संघटनेच्या निर्णयाने होतात. त्यांतला एक महत्त्वाचा बदल मुंबईच्या एका मुलीमुळे घडला. 1976 मध्ये रोहिणी खाडिलकर पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत उतरल्या आणि त्यावर वाद झाला. राष्ट्रीय आणि आंतरराष्ट्रीय स्पर्धांतून स्त्रियांना वगळता येणार नाही, असा निर्वाळा जागतिक संघटनेचे तेव्हाचे अध्यक्ष माक्स युवे यांनी दिला. अलीकडचे बदल जास्त तांत्रिक आहेत. प्यादे न हलता आणि काही न मारले जाता दोघांच्या 75-75 चाली झाल्या तर डाव आपोआप बरोबरीत सुटतो, हा नियम 2014 चा.

खानदेशात या अधिकृत आवृत्तीचे ठिकाण म्हणजे जळगाव. जैन इरिगेशन आणि जैन स्पोर्ट्स अकॅडमी यांनी बुद्धिबळाला आणि कॅरमला नेटाने आधार दिला. जैन हिल्सवर राष्ट्रीय स्पर्धाही झाल्या आहेत. अशा स्पर्धेत पहिल्यांदा बसणाऱ्या मुलाला चालींपेक्षा शिस्तच जास्त शिकावी लागते. हात लावला की तेच मोहरे हलवायचे. वाकडे बसलेले मोहरे नुसते सारखे करायचे असेल तर आधी तसे सांगायचे. किल्लेकोट एकाच हाताने, आधी राजा उचलून. चाल झाली की त्याच हाताने घड्याळ दाबायचे आणि मग चाल कागदावर लिहायची.

तिथेच एखाद्या वेळी घरची आवृत्ती हातातून निसटते. मूल सवयीने दोन प्यादी एकेक घर सारते आणि घड्याळ दाबते. समोरचा खेळाडू घड्याळ थांबवून हात वर करतो. पंच येतात, दोन्ही प्यादी जागेवर ठेवतात. पुढे घेतलेल्यांपैकी पहिले जे प्यादे मुलाने धरले होते तेच आता खेळायला सांगतात, एक घर किंवा दोन घरे. लांब वेळेच्या डावात समोरच्याला दोन मिनिटे जादा मिळतात. अशीच चूक पुन्हा झाली तर डाव गेला.