परसदारातील विद्युत ग्रिल : कार्यक्षमता व मर्यादा

प्रास्ताविक :
अमेरिकेत घरामागील परसात मांस, मासे व भाज्या जाळीवर भाजून सहकुटुंब खाणे हा उन्हाळ्यातील एक सामाजिक उपचारच होय. १९५२ मध्ये शिकागोच्या परिसरात जॉर्ज स्टीफन यांनी धातूच्या बोयापासून झाकणाची गोल शेगडी तयार केली आणि कोळशावरील हा पाक घरोघरी रुजला. पुढे गॅसचे ग्रिल आले. परंतु ज्यांना परसच नाही त्यांचे काय? तेथील अनेक राज्यांनी व नगरांनी स्वीकारलेल्या आदर्श अग्निसंहितेनुसार बहुकुटुंबी इमारतींत ज्वलनशील सज्जावर, अथवा ज्वलनशील बांधकामापासून १० फुटांच्या आत, कोळशाची वा उघड्या ज्योतीची शेगडी वापरण्यास सामान्यतः मनाई आहे. लाकडी सांगाड्याच्या सदनिकांत राहणाऱ्यांना (त्यांत तेथील मराठी कुटुंबेही आली) विद्युत ग्रिल हाच बहुधा एकमेव मार्ग उरतो. ते गॅसच्या ग्रिलची जागा कितपत घेऊ शकते, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

शक्तीचा हिशेब :
विद्युत ग्रिलविषयीची चर्चा बहुधा तापमानाभोवती फिरते. वस्तुतः प्रश्न तापमानाचा नसून शक्तीचा आहे. अमेरिकेतील सर्वसाधारण घरगुती जोडणी १२० व्होल्ट व १५ अँपिअरची, म्हणजे जास्तीत जास्त १,८०० वॅटची असते. म्हणून तेथील विद्युत ग्रिल सुमारे १,५०० ते १,८०० वॅटचे असते. याउलट ताशी ३०,००० ब्रिटिश औष्णिक एकके देणाऱ्या मध्यम गॅस ग्रिलची शक्ती सुमारे ८.८ किलोवॅट भरते. आकडे पाहता ही स्पर्धा एकतर्फी वाटते. पण तसे म्हणणे अन्यायाचे ठरेल. गॅसला ज्वलनासाठी हवा लागते आणि तप्त वायूंबरोबर उष्णतेचा मोठा भाग बाहेर जातो. विद्युत ग्रिलचे झाकण मात्र घट्ट लावता येते. त्यामुळे रिकामे, झाकलेले विद्युत ग्रिल पुरेसे तापते आणि ग्राहकाचे समाधान होते. खरी परीक्षा अन्न ठेवल्यावर सुरू होते.

समजा, शीतपेटीतील ४ अंश सेल्सिअसचे एक किलो चिकन जाळीवर ठेवले. ते ७४ अंशांपर्यंत नेण्यास सुमारे २४५ किलोज्यूल उष्णता लागते. भाजताना २०० ग्रॅम पाणी उडून गेले, तर त्यासाठी आणखी ४५० किलोज्यूल. एकूण सुमारे ७०० किलोज्यूल. १,५०० वॅटच्या ग्रिलमधील निम्मी उष्णता अन्नास मिळते असे मानले, तर मिनिटाला ४५ किलोज्यूल. म्हणजे पंधरा-सोळा मिनिटे. हे चालण्यासारखे आहे. पण पाहुणे आले म्हणून तीन किलो चिकन एकदम मांडले, की तोच हिशेब पाऊण तासावर जातो.

यात केवळ वेळच जातो असे नाही. अन्नाचा पृष्ठभाग ओला असेतोवर त्याचे तापमान १०० अंशांच्या फारसे वर चढत नाही. खमंग तपकिरी रंग व स्वाद देणारी माइआर अभिक्रिया मात्र सुमारे १४० अंशांपुढे वेगाने होते. शक्ती अपुरी असली, की सुटलेले पाणी उडण्याआधीच साचते आणि मांस भाजण्याऐवजी शिजते. दह्यात मुरवलेले चिकन किंवा पनीर याबाबतीत सर्वाधिक फसवे. मसाला निथळून, पृष्ठभाग कोरडा करून, थोडे थोडे भाजणे हाच त्यावर उपाय. मसाल्याचा रंग पाहून मांस शिजले असे समजू नये. कोंबडीच्या मांसाचे आतील तापमान ७४ अंश झाल्याची खात्री तापमापीनेच करावी.

निखाऱ्याचे वेगळेपण :
प्रारित उष्णता निरपेक्ष तापमानाच्या चतुर्थ घाताच्या प्रमाणात वाढते. ७०० अंशांचा निखारा आणि २६० अंशांची लोखंडी जाळी यांची तुलना केल्यास समान क्षेत्रफळामागे निखारा सुमारे अकरापट प्रारण देतो. मक्याचे कणीस वा भरिताचे वांगे निखाऱ्यावर झटकन करपते आणि विद्युत जाळीवर रेंगाळते, त्याचे कारण हेच. धुराच्या स्वादाचेही तसेच आहे. चांगल्या कोळशात लाकडाचा सुवास फारसा उरलेला नसतो. स्वाद येतो तो मुख्यतः निखाऱ्यावर ठिबकून जळणाऱ्या चरबीचा. विद्युत ग्रिलमध्ये चरबी बहुधा खालच्या तबकात जाते, म्हणून धूर व स्वाद दोन्ही उणावतात. धुरातील अपायकारक बहुचक्रीय हायड्रोकार्बन कमी होतात, ही त्याची जमेची बाजू.

वायर व ओलावा :
घरातून लांब वायर ओढून ग्रिल चालविणे ही नित्याची चूक. ५० फुटी, १६ गेजच्या वायरीत १३ अँपिअर प्रवाहाला सुमारे ५ व्होल्टची घट होते. शक्ती व्होल्टतेच्या वर्गाच्या प्रमाणात असल्याने ग्रिलची शक्ती आठ-नऊ टक्के घटते आणि वायर तापते ती वेगळीच. शिवाय बाहेरच्या जोडणीस अमेरिकेत गळती-संरक्षक खटका आवश्यक असून तो ४ ते ६ मिलिअँपिअर गळतीला पडतो. तापक नळीतील मॅग्नेशियम ऑक्साइड दमट हवेत ओल शोषते. हिवाळाभर पडून राहिलेले ग्रिल वसंतात लावताच खटका पडतो तो अनेकदा यामुळे. तो निष्प्रभ करणे धोक्याचे. नळी कोरडी करणे वा बदलणे हाच मार्ग.

भारतीय जोडणी :
आपल्याकडे २३० व्होल्ट व १६ अँपिअरची जोडणी ३,६०० वॅटहून अधिक शक्ती देते, म्हणजे वरील अडचण तत्त्वतः निम्मीच. मात्र अमेरिकेतील ग्रिल येथे आणणे हा निराळा विषय. एका आप्तांनी तसे आणले आणि ‘भौतिकशास्त्र शिकवतोस ना, लाव बघू’ म्हणून मजकडे सोपविले. मी पिनेचा आकार पाहिला, पाटीवरचा १२० हा आकडा पाहिला नाही. दुप्पटीस किंचित कमी व्होल्टता म्हणजे ३.६७ पट शक्ती : १,५०० वॅटचे ग्रिल ५,५०० वॅट ओढू लागले. जाळी क्षणात लाल झाली, खटका पडला आणि तापमान-नियंत्रक कायमचा गेला. असे ग्रिल वापरावयाचे तर २ किलोव्होल्ट-अँपिअरचा व्होल्टता उतरविणारा रोहित्र लागतो, आणि तो लहान ग्रिलहून जड भरू शकतो.