गंजलेली फियाट आणि सासूबाईंच्या पाटल्या

"वहिनी, अठरा हजार देतो. आत्ता टेम्पो आणतो, आत्ता उचलतो." भंगारवाला अंगणात उभा होता आणि आमचे 'हे' खिशातून गाडीची किल्ली काढत होते. मी पोळ्या लाटत होते. सासूबाई ओट्याशी शेंगा सोलत बसल्या होत्या. त्या काही बोलल्या नाहीत, पण त्यांचे हात थांबले. सासूबाईंचे हात थांबले, की समजावे, काहीतरी बिनसले आहे!

आमच्या सांगलीच्या घरी मामंजींनी १९७४ साली घेतलेली प्रीमियर पद्मिनी होती. घरात तिला सगळे 'फियाट'च म्हणत. तसे ते खोटेही नाही. इटलीच्या फियाट ११०० या गाडीचेच हे देशी रूप. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली काढलेली प्रीमियर कंपनी ती कुर्ल्याच्या कारखान्यात बनवी. चितोडच्या राणीचे 'पद्मिनी' हे नाव तिला १९७४ साली मिळाले. मामंजी २०१७ साली गेले आणि गाडी शेडमध्ये गेली ती गेलीच. पुढे ऑगस्ट २०१९ चा महापूर आला. कृष्णेचे पाणी स्टिअरिंगपर्यंत चढले. पाणी ओसरल्यावर आम्ही घर धुतले, गाद्या टाकल्या, भांडी घासली. गाडीकडे बघायला कोणाला उसंत होती? २०२१ च्या पुराने उरलेसुरले काम पुरे केले.

त्या दुपारी मी सासूबाईंना खोलीत गाठले. त्यांनी पोथीच्या रुमालातून वर्तमानपत्राचे एक कात्रण काढून माझ्यापुढे धरले. ३० ऑक्टोबर २०२३ पासून मुंबईच्या रस्त्यांवरून पद्मिनी टॅक्सी कायमच्या गेल्या, ही ती बातमी. "आता आपलीही जाऊ दे," त्या म्हणाल्या. आणि मग, इतक्या वर्षांत पहिल्यांदा, सांगितले, की गाडीचे पैसे कमी पडले तेव्हा त्यांच्या माहेरच्या पाटल्या मोडल्या होत्या. "चार पाटल्या होत्या. पण एकदाही मला चाकाला हात लावू दिला नाही हो. 'बायकांचं काम नाही,' म्हणायचे."

संध्याकाळी मी 'ह्यां'ना सांगितले, गाडी विकायची नाही. 'हे' म्हणाले, "वेड लागलंय का? गॅरेजवाल्याने साडेतीन लाख सांगितलेत!" मी म्हटले, साडेतीन लाखांचे काम गॅरेजात होते. घरी किती होते, ते बघू या.

आधी तपासणी, मग उत्साह

मैत्रिणींनो, गंज म्हणजे काय हे आपल्याला शिकवायला नको. विळी ओली राहिली, तवा न पुसता ठेवला, की सकाळी तांबूस पुटे दिसतात. लोखंड, पाणी आणि हवा हे तिघे एकत्र आले, की गंज चढतो, आणि मीठ असेल तर दुप्पट वेगाने. गाडीलाही हेच लागू. फरक एवढाच, की तवा घासून नवा होतो, पण पत्र्याला भोक पडले तर घासून भागत नाही.

पद्मिनीच्या बाबतीत एक गोष्ट मुद्दाम लक्षात ठेवायची. हिला ट्रकसारखी खाली वेगळी चौकट नाही. पत्र्याचा सांगाडाच सगळा भार तोलतो. म्हणून मडगार्ड सडले तर ते नुसते दिसायला वाईट, पण तळाचा पत्रा आणि दारांखालच्या पट्ट्या सडल्या तर गाडीचा कणाच गेला. आम्ही पायपुसणी, गोणपाट सारे काढून स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने तळ ठोकत गेलो. खणखणीत आवाज आला तर पत्रा ठीक, भद्द आवाज आला तर कुजलेला. नारळ निवडतो तसेच! ड्रायव्हरच्या पायाखाली, बॅटरीच्या खाली आणि डिकीच्या तळाशी भोके निघाली. दारांच्या खालच्या कडेला पाणी निघून जायला बारीक छिद्रे असतात. ती चिखलाने बुजल्यामुळे दारे आतून कुजली होती. पण मुख्य सांगाडा वाचला होता. तो गेला असता, तर मीच भंगारवाल्याला हाक मारली असती. भावनेपोटी पोराबाळांना धोक्याच्या गाडीत बसवायचे नसते.

स्वयंपाकघरातली आयुधे

मोडतोड करण्याआधी मुलीने मोबाईलवर प्रत्येक भागाचे फोटो काढले. सुटलेले नट-बोल्ट मी लोणच्याच्या रिकाम्या बरण्यांत घातले आणि प्रत्येकीवर चिठ्ठी लावली: 'पुढचे उजवे दार', 'बंपर', 'डिकी'. पुढे मिस्त्री म्हणाला, "ताई, एवढं नीटनेटकं आमच्या गॅरेजात पण नसतं."

गंजलेल्या लहान वस्तूंसाठी मी वाण्याकडचे लिंबूसत्त्व वापरले. एक लिटर कोमट पाण्यात चार मोठे चमचे, प्लॅस्टिकच्या बादलीत. रात्रभर भिजवायचे, सकाळी जुन्या टूथब्रशने घासायचे, खाण्याच्या सोड्याच्या पाण्यातून काढायचे, लगेच पुसून, उन्हात वाळवून तेलाचा हात फिरवायचा. हा शेवटचा भाग विसरलात, तर संध्याकाळपर्यंत पुन्हा तांबूस रंग आलाच म्हणून समजा! ॲल्युमिनियमच्या वस्तू मात्र यात घालायच्या नाहीत.

बंपरच्या चकचकीत मुलाम्यावरचे गंजाचे ठिपके पोळ्या गुंडाळायच्या चंदेरी कागदाचा बोळा करून, पाण्यात बुडवून, हलक्या हाताने घासले. सासूबाई पाट घेऊन बसल्या आणि दोन दुपारी एकटीने तेवढेच काम केले.

जुना रंग मात्र कोरडा घासू नका. त्या काळच्या रंगांत शिसे असण्याचा संभव असतो आणि ती धूळ लहान मुलांना फार बाधते. आम्ही पॉलिश पेपर पाण्यात भिजवूनच घासला, नाकाला मास्क लावला आणि धाकट्याला त्या दिवसांत माझ्या जावेकडे धाडले. ब्रेकच्या जुन्या लायनिंगची धूळही फुंकू नये, तीत ॲस्बेस्टॉस असू शकते.

आमची फसगत

आता आमच्या मूर्खपणाचीही गोष्ट सांगते. पत्र्याच्या कामासाठी एक कारागीर ठेवला. दहा हजार आगाऊ घेतले आणि आठ दिवसांत दरवाजे आरशासारखे गुळगुळीत करून दिले. आम्ही खूश! वळवाचा पहिला पाऊस झाला आणि दारावर फोड आले, पुरीसारखे. त्याने सडलेला पत्रा कापलाच नव्हता. वरून जाड लांबी भरून रंग मारला होता. मी त्या रात्री रडले. भिशीचे पैसे होते ते. 'हे' एक शब्द बोलले नाहीत, आणि ते मला बोलण्यापेक्षा जास्त लागले.

त्यातून शिकले ते तुमच्या उपयोगी पडेल. फ्रीजवर चिकटवतो तो लोहचुंबक घ्या आणि गाडीवरून फिरवा. पत्र्याला तो चिकटतो, जाड लांबीवर चिकटत नाही. जुनी गाडी घेताना आणि कारागिराचे काम तपासताना, दोन्ही वेळा हा पाच रुपयांचा परीक्षक उपयोगी पडतो.

दुसरा कारागीर मिरजेचा, वयस्क. त्याने कुजलेला भाग कापून नवा पत्रा वेल्ड केला, त्यावर रेड ऑक्साइड, खालून गंजरोधक लेप, दारांची छिद्रे मोकळी. पैसे कामाच्या टप्प्याने दिले, आगाऊ नाही. लांबी त्यानेही लावली, पण पापडासारखी पातळ.

इंजिन: घाई करू नये

पुरात बुडालेल्या गाडीला किल्ली मारून बघायचा मोह होतो. तो टाळा. सिलिंडरमध्ये पाणी असेल तर आतले भाग वाकतात. आमच्या मिस्त्रीने आधी ऑइल काढले. ते दुधाळ कॉफीच्या रंगाचे निघाले, म्हणजे पाणी शिरलेले. मग चारही स्पार्क प्लग काढून आत तेल सोडले आणि आठवडाभर तसेच ठेवले. रोज 'हे' ऑफिसातून आले, की पट्ट्याला धरून हाताने इंजिन फिरवून बघत. नवव्या दिवशी ते हलले. 'हे' अंगणातूनच ओरडले, "अगं, हललं!" त्या दिवसापासून गाडी माझी एकटीची राहिली नाही.

१०८९ सीसीचे हे इंजिन साधे आहे. संगणक नाही, काही नाही. कार्बोरेटर उघडला, धुतला, बसवला. पेट्रोलची टाकी उतरवून आतला गंज काढला. रबरी नळ्या मात्र साऱ्या नव्या घ्याव्या लागल्या. हल्लीच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असते, त्याने जुने रबर फुगते, चिरते. पेट्रोल गळणे म्हणजे आगीला आमंत्रण. गाडी बराच काळ उभी राहणार असेल, तर टाकीत जुने पेट्रोल ठेवू नये.

सुट्या भागांपैकी बरेचसे कुर्ल्याच्या जुन्या भागांच्या बाजारात मिळाले. 'ह्यां'च्या मावसभावाने तीन रविवार घालवले. जिथे गाडी जन्मली, त्याच कुर्ल्यातून तिचे हेडलाइट पुन्हा आले!

ब्रेक, स्टिअरिंग आणि वेल्डिंग ही तीन कामे घरी करायची नाहीत, ती जाणकारानेच करावीत. आणि नुसत्या जॅकवर तोललेल्या गाडीखाली कोणी शिरायचे नाही, मग तो मिस्त्री का असेना. भक्कम लाकडी ठोकळे आधी लावायचे.

पैशाचा हिशेब

चौदा महिन्यांत, भिशी लागेल तसे काम केले. वहीतला हिशेब असा:

पत्र्याचे काम, फसगतीसह – २८,००० रु.
रंग – ३०,००० रु.
इंजिन, कार्बोरेटर, टाकी – १६,००० रु.
चार टायर – १४,००० रु.
ब्रेक – ७,५०० रु.
वायरिंग – ६,००० रु.
सीटचे सामान – ५,५०० रु.
बॅटरी – ४,५०० रु.
किरकोळ – ३,५०० रु.
एकूण – १,१५,००० रु.

सीटची शिलाई धरलेली नाही, कारण ती मी केली. जुनी कव्हरे उसवून, इस्त्री करून त्यावरूनच रेक्झिन बेतले. मशीनला जाड सुई लावली. पुढची सीट अखंड बाकासारखी असल्याने फार अवघड गेले नाही. काथ्या आत नवा भरला.

खर्चाचा क्रम मात्र चुकवू नका. आधी ब्रेक आणि टायर, मग इंजिन, मग पत्रा आणि सर्वांत शेवटी रंग. घर बांधताना आधी तोरण लावतो का आपण?

कागदपत्रे

गाडी मामंजींच्या नावावर होती. ती सासूबाईंच्या नावावर केली, हा माझा हट्ट. पंधरा वर्षांनंतर खासगी गाडीची नोंदणी दर पाच वर्षांनी नव्याने करावी लागते. तपासणी होते, पर्यावरण कर भरावा लागतो. विमा आणि पीयूसी हवेच. मोटारींसाठी नूतनीकरणाचे शुल्क एप्रिल २०२२ पासून पाच हजार झाले आणि २०२५ साली वीस वर्षांवरील गाड्यांसाठी ते आणखी वाढले. उशीर झाला तर दंडही चढतो, आम्हालाही तो भरावा लागला. म्हणून आरटीओत आधी चौकशी करूनच कामाला लागा.

पन्नास वर्षे पुरी झालेल्या, मूळ रूपातल्या गाडीसाठी २०२१ च्या नियमांनुसार 'व्हिंटेज' नोंदणीही मिळते. तिचे शुल्क वीस हजार रुपये, मुदत दहा वर्षे. पण मग ती गाडी रोजच्या वापराला काढता येत नाही, फक्त प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल भरणे अशाच कामांना. आम्ही ती घेतली नाही. आम्हाला गाडी मखरात बसवायची नव्हती.

पहिली फेरी

जानेवारी २०२५ मध्ये गाडी शेडबाहेर आली. 'ह्यां'नी पूजा केली, चाकाखाली लिंबू ठेवले. मी सासूबाईंना हात धरून ड्रायव्हरच्या बाजूला नेले. त्या म्हणाल्या, "अगं, सत्त्याहत्तर वर्षांची मी. आता काय चालवणार?" पण बसल्या. दोन्ही हात चाकावर ठेवले, स्टिअरिंगच्या दांड्याचा गिअर हळूच चाचपला. इंजिन बंदच होते. पाचेक मिनिटे तशाच बसून राहिल्या. आम्ही कोणी काही बोललो नाही.

मग त्याच म्हणाल्या, "सर बाई मी, आता तू चालव." आणि सरकून शेजारी बसल्या. मिरजेला त्यांच्या धाकट्या बहिणीकडे गेलो. 'हे' मागे बसले होते. वाटेत दोनदा म्हणाले, "जरा हळू." सासूबाईंनी मागे न बघताच सांगितले, "तू गप्प बस. तिला येतं."

परवा तो भंगारवाला पुन्हा आला होता. गाडीकडे बघून म्हणाला, "वहिनी, आता दोन लाख देतो." सासूबाई आतूनच म्हणाल्या, "पाटल्या आहेत त्या माझ्या. विकायच्या नाहीत."