माळ्यावरचं उदमांजर

मुलुंड, बोरिवलीच्या जुन्या सोसायट्यांत रात्री छतावर धपधप होते आणि सकाळी ग्रुपवर बिबट्याच्या पिल्लाची बातमी फिरते. बहुतेक वेळा ते उदमांजर निघते, कोकणातला कांडेचोर. करडे अंग, पाठीवर काळसर पट्टे, लांब शेपूट, डोळ्यांभोवती काळा मुखवटा. नावात मांजर असले तरी ते मांजरकुळातले नाही.

‘ते बाळाला उचलून नेईल’ ही भीती निराधार आहे. दोन ते पाच किलोंचा हा प्राणी उंबर, जांभूळ, आंबे, किडे आणि उंदीर खातो. उघड्यावरची कोंबडी मात्र नेईल. खाल्लेल्या फळांच्या बिया विष्ठेतून दूरवर रुजतात. सह्याद्रीत भेरली माडाचा प्रसार त्याच्यामुळेही होतो.

सर्वात हट्टी गैरसमज म्हणजे ते नॅशनल पार्कातून वाट चुकून आलेले असते, म्हणून पकडून तिथेच सोडावे. खरे तर फळझाडे, उंदीर आणि पोटमाळ्यातली कोरडी जागा एकत्र मिळाली की ते माणसांच्या वस्तीतही वर्षानुवर्षे राहते. पकडून दूर सोडल्याने काय होते ते जुन्नरच्या बिबट्यांनी दाखवले. 2001 मध्ये त्यांना पकडून इतरत्र सोडणे सुरू झाले आणि माणसांवरचे हल्ले वर्षाला सरासरी 4 वरून 17 वर गेले. उदमांजर बिबट्याइतके धोकादायक नाही, पण अनोळखी जागी त्याचेही हाल होतात आणि इथली मोकळी जागा दुसरे येऊन घेते. शिवाय वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 नुसार परवानगीशिवाय त्याला पकडणे गुन्हा आहे.

मग करायचे काय? छताला टेकलेल्या फांद्या छाटा, कचऱ्याचे डबे झाका, फुटकी कौले आणि एसीच्या पाइपाशेजारची भोके जाळीने बंद करा. हे काम रात्री ते बाहेर पडल्यावर करा आणि आधी आत पिल्ले नाहीत ना, हे नीट पाहा. आई बाहेर आणि पिल्ले आत अडकली तर ती उपाशी मरतात. मग माळ्यावर जी दुर्गंधी पसरते, तिचा दोष आपलाच. उंदरांचे विषही टाळा, कारण विष खाल्लेला उंदीर त्याच्या आणि घुबडाच्या पोटात जातो.

पिल्ले असतील तर ती मोठी होऊन बाहेर पडेपर्यंत थांबा. त्यांना हात लावू नका. चावा किंवा ओरखडा झालाच तर जखम साबण-पाण्याने पंधरा मिनिटे धुऊन त्याच दिवशी रेबीजच्या लसीसाठी डॉक्टरांकडे जा. जखमी किंवा अडकलेला प्राणी दिसल्यास वनविभागाच्या 1926 या क्रमांकावर कळवा.