माहेर स्वित्झर्लंडचं, सासर मुंबईचं

आजोबांच्या मनगटावरचं 'फेवर लुबा' बघत वाढलेल्या अनेकांना ही कंपनी आपल्याकडचीच वाटते. वाटणारच! इतकी वर्षं इथे काढल्यावर परकेपणा राहतो कुठे? 'फाव्र-लेउबा' असा फ्रेंच उच्चार करायच्या भानगडीत तर आपण कधी पडलोच नाही. पण या घड्याळाची कुंडली मांडायला बसलं, की एकेक भन्नाट गोष्टी बाहेर येतात.

वय किती? बाजीरावांना विचारा

ज्युरा डोंगररांगांत ल लोक्ल नावाचं गाव आहे. तिथल्या १७३७ सालच्या एका कागदात अब्राहम फाव्र या घड्याळजीचं नाव येतं आणि कंपनी तेच आपलं जन्मसाल मानते. त्याच वर्षी थोरले बाजीराव दिल्लीवर धडकले होते आणि चिमाजीअप्पांनी वसईची मोहीम उघडली होती! ब्लांपँ ही कंपनी १७३५ साल सांगते, म्हणून वडीलकीचा मान दोन वर्षांनी हुकला, इतकंच.

या डोंगराळ मुलखात हिवाळाभर बर्फ. शेतीची कामं बंद, मग खिडकीपाशी बसून चाकं घासायची आणि काटे बसवायचे. उजेड हवा म्हणून तिथल्या इमारतींना आजही ओळीने मोठाल्या खिडक्या दिसतात. ल लोक्ल आणि शेजारचं ला शो-द-फों ही दोन्ही गावं या घड्याळी नगररचनेपायी २००९ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत जाऊन बसली.

जोडनावातला 'लुबा' आला १८१५ मध्ये. ऑग्युस्त लेउबा व्यापारी घराण्यातले. एकाला घड्याळ करता येत होतं, दुसऱ्याला विकता. भागीदारी टिकायला आणखी काय लागतं?

मुहूर्त पाहिलाच नाही

१८६५ मध्ये फ्रिट्झ फाव्र हिंदुस्थानात आले आणि कंपनीचा मुंबईशी धंदा सुरू झाला. साल लक्षात घ्या. सुएझ कालवा खुला व्हायला अजून चार वर्षं होती. तिकडे अमेरिकेतलं यादवी युद्ध संपलं, इकडे कापसाचे भाव कोसळले आणि शेअरच्या नादी लागलेली अर्धी मुंबई रस्त्यावर आली. 'कापूस सम्राट' प्रेमचंद रायचंदसुद्धा बुडाले. (त्यांच्याच देणगीतला राजाबाई टॉवर पुढे १८७८ पासून मुंबईला वेळ सांगू लागला.) अशा वर्षी महागडी स्विस घड्याळं घेऊन या शहरात यायला छाती लागते, किंवा बातमी उशिरा पोचलेली असावी लागते! काही असो, पाय रोवले ते रोवलेच. १८८६ मध्ये वेस्ट एंड वॉच कंपनीही मुंबईत आली, तोवर लुबावाले इथे जुने झाले होते.

हलला नाहीत, तरी काटा चढला?

आता माझी सगळ्यात आवडती गोष्ट. १९६२ मध्ये कंपनीने 'बिव्हॅक' आणलं. हे मनगटी घड्याळ वेळेबरोबर उंचीही सांगायचं. बॅटरी नाही, चिप नाही. आत पातळ पत्र्याची, हवा काढून घेतलेली एक चपटी डबी. वर चढत गेलं की बाहेरच्या हवेचा दाब कमी होतो, डबी किंचित फुगते, तिचं फुगणं तरफांमधून एका लाल काट्यापर्यंत पोचतं आणि काटा ३,००० मीटरपर्यंतची उंची दाखवतो. बाहेरची हवा डबीपर्यंत पोचायला हवी, म्हणजे घड्याळ हवाबंद करून चालत नाही. गिर्यारोहकाच्या घड्याळात मुद्दाम वाट ठेवायची आणि तरी ते टिकवायचं, ही खरी कारागिरी.

गंमत पुढेच आहे. समजा, तुम्ही रात्री तंबू ठोकला, तेव्हा काटा १,००० मीटरवर होता. सकाळी उठलात तर १,०८०! तंबू जागच्या जागी आणि उंची मात्र ८० मीटरनी वाढलेली. याचा अर्थ हवेचा दाब रातोरात साधारण नऊ हेक्टोपास्कलने पडला आहे आणि हवा बिघडायची दाट शक्यता आहे. सामान आवरा, खाली उतरा. वेधशाळाच मनगटावर!

१९६४ मध्ये वॉल्टर बोनाती आणि मिशेल व्होशे यांनी आल्प्समधल्या ग्रांद जोरासची बिकट व्हिंपर धार पहिल्यांदा सर केली, ती हे घड्याळ बांधून. आणि १९७५ मध्ये एव्हरेस्टवर पोचलेली पहिली स्त्री, जपानच्या जुन्को ताबेई, त्यांच्याही मनगटावर बिव्हॅकच होतं, असं कंपनी अभिमानाने सांगते.

डोंगर झाला, मग समुद्र कशाला सोडायचा? १९६८ मध्ये 'बाथी' आलं. इथे पाणी मागच्या झाकणाच्या भोकांतून आत येतं, पडद्यावर दाब टाकतं आणि काटा खोली दाखवतो. मीटरवाल्यांसाठी 'बाथी ५०', फुटांत मोजणाऱ्यांसाठी 'बाथी १६०'. घड्याळ तेच. १६० हा आकडा दुकानात जास्त भारदस्त दिसत असणार!

एक कोरडी चिप आणि आठ पिढ्या

१९६९ च्या नाताळात जपानच्या सायकोने क्वार्ट्झ घड्याळ बाजारात आणलं आणि चावीच्या घड्याळांचे दिवस भरले. इकडे तर त्याआधीच, १९६१ पासून, बंगळूरला एचएमटी सुरू झाली होती आणि आयातीवर कडक निर्बंध होते. आठ पिढ्या सांभाळलेली कंपनी १९८० च्या दशकात फाव्र घराण्याच्या हातून गेली. मग हे नाव या मालकाकडून त्या मालकाकडे फिरत राहिलं.

२०११ मध्ये ते विकत घेतलं कोणी? आपल्या टाटांच्या टायटनने! किंमत साधारण २० लाख युरो. मुंबईतल्या चांगल्या वस्तीत तेवढ्यात दोन-तीन फ्लॅट आले असते. टायटनने २०१७ मध्ये नवं बिव्हॅक काढलं, तेही ९,००० मीटरपर्यंतचं, म्हणजे एव्हरेस्ट मोजूनही वर थोडी शिल्लक. त्याच वर्षी एड्रियन बॅलिंजर ते घालून, कृत्रिम ऑक्सिजन न घेता, एव्हरेस्टवर गेले. तरी धंदा काही जमेना. २०२३ मध्ये नाव गेलं इथॉस या घड्याळं विकणाऱ्या भारतीय कंपनीच्या स्विस उपकंपनीकडे. म्हणजे मालकी पुन्हा भारतीय गोटातच.

मुंबई स्पेशल, जरा जपून

जुनी घड्याळं जमवणाऱ्या जगभरच्या मंडळींत 'मुंबई स्पेशल' ही एक जात ओळखली जाते, आणि ते कौतुक नव्हे. जुनं फेवर लुबा किंवा एचएमटी उघडायचं, मशीन पुसून चालू करायचं, झिजलेली डायल खरवडून तिच्यावर केशरी, पोपटी, निळाजांभळा रंग चढवायचा, 'सी किंग' वगैरे छापायचं आणि परदेशात विकायचं. असले रंग कंपनीने म्हणे स्वप्नातही पाहिले नव्हते! काही गिऱ्हाइकं फसतात, काही जाणूनबुजून हौसेने घेतात, आणि घड्याळ तर चालतंच.

ओळखायचं कसं? अक्षरांच्या कडा भिंगातून पाहा. मूळ छपाई रेखीव असते, नवी जाडसर आणि पसरट. तळाशी 'स्विस मेड' सहाच्या खाली सरळ आहे की एका बाजूला सरकलंय, तेही बघा. आणि केस साठ वर्षं वापरलेली, पण डायल मात्र काल छापल्यासारखी करकरीत असेल, तर विकणाऱ्याला आधी मागचं झाकण उघडून मशीन दाखवायला सांगा, घासाघीस नंतर.