संगणकाच्या जाळ्याचे पदवीशिक्षण

दहावी-बारावीचा निकाल लागला की 'पोराला कॉम्प्युटरला घातले' हे वाक्य आमच्या धाराशिव जिल्ह्यात घरोघर ऐकू येते. परंडा असो की उमरगा, त्याचा अर्थ बहुधा टायपिंग, टॅली नाहीतर एमएस-सीआयटी एवढाच असतो. हे शिकणे वाईट नाही. परंतु एक संगणक चालविणे वेगळे आणि शेकडो संगणक एकमेकांशी जोडून ती जोडणी शाबूत ठेवणे वेगळे. या दुसऱ्या कामाला नेटवर्क सपोर्ट म्हणतात. आम्ही कला शाखेचे पदवीधर, बँकेतले कारकून. पण या कामाचा माणूस जवळ नसला की काय होते ते काउंटरवर बसून पाहत असतो.

बँकेच्या शाखेतील व्यवहार आता दूरच्या मुख्य संगणकावर नोंदले जातात. मधला दुवा तुटला की 'लिंक नाही' अशी पाटी लागते. निराधार योजनेचे पैसे काढण्यास आलेली वृद्ध मंडळी एसटीची वेळ होईपर्यंत बाकावर बसतात आणि रिकाम्या हाताने गावी परततात. एकदा असेच झाले तेव्हा दुरुस्तीसाठी सोलापूरहून एक तरुण आला. त्याची वाट पाहण्यात अर्धा दिवस गेला, काम दहा मिनिटांत झाले. त्याने प्रथम आमच्या संगणकावरून राउटरला संदेश पाठविला, उत्तर आले. मग पलीकडच्या टोकाला पाठविला. उत्तर आले नाही. म्हणजे आतले सर्व ठीक, बिघाड राउटरच्या पुढे. तेथे मोडेमची एक वायर सैल निघाली.

वायर घट्ट करणे कोणालाही जमेल. कोणती वायर, हे शोधून काढण्याची रीत मात्र शिकावी लागते. दुसरे उदाहरण घ्या. जाळ्यातील प्रत्येक संगणकाला चार अंकगटांचा पत्ता असतो. तो पत्ता १६९.२५४ ने सुरू झालेला दिसला की जाणकार ओळखतो, पत्ते वाटणाऱ्या यंत्राकडून याला काही मिळाले नाही, म्हणून याने स्वतःच एक धारण केला आहे. मग तो इंटरनेट कंपनीला फोन करीत बसत नाही. केबल, स्विच आणि पत्ते वाटणारे यंत्र तपासतो. तांब्याची केबल साधारण १०० मीटरपर्यंतच चालते, पुढे फायबर लागते, अशा गोष्टींची कारणेही पदवीच्या अभ्यासात येतात.

तीन-सहा महिन्यांचे खासगी वर्ग बहुधा एका कंपनीच्या यंत्रांवर भर देतात. सिस्कोची सीसीएनए परीक्षा नावाजलेली आहे, पण तिचे प्रमाणपत्र तीन वर्षांनी नवे करावे लागते. पदवीला मुदत नसते. आमच्या मते पदवी आधी आणि असले प्रमाणपत्र तिच्या जोडीला, हा क्रम बरा.

नेटवर्क सपोर्ट याच नावाची पदवी शोधत बसू नये. बीसीए, बीएस्सी संगणकशास्त्र किंवा संगणक अभियांत्रिकी यांत हा विषय येतो. बीसीएचा प्रवेश २०२४ पासून राज्यात सीईटीने होतो. त्या परीक्षेच्या अर्जाची तारीख आमच्याकडची मुले सर्रास चुकवतात. दहावीनंतर तीन वर्षांची पदविका करून अभियांत्रिकीच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येते. लवकर कमाई हवी असलेल्याला आयटीआयमध्ये हार्डवेअर व नेटवर्क देखभालीचा एक वर्षाचा ट्रेडही आहे.

बँकेत 'आयटी अधिकारी' होण्याची इच्छा असलेल्यांनी एक गोष्ट नीट ध्यानात घ्यावी. आयबीपीएसच्या या पदाला नुसती तीन वर्षांची बीसीए पुरत नाही. संगणक वा तत्सम शाखेची चार वर्षांची अभियांत्रिकी पदवी किंवा एमसीएसारखी पदव्युत्तर पदवी लागते. अथवा पदवीनंतर 'बी' लेव्हल उत्तीर्ण व्हावे लागते. लिपिक आणि प्रोबेशनरी अधिकारी या पदांना मात्र कोणतीही पदवी चालते.

आता पैशाचे. अनुसूचित जातीच्या, त्यात नवबौद्धही आले, विद्यार्थ्याच्या पालकांचे वार्षिक उत्पन्न अडीच लाखांपर्यंत असेल तर मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे. उत्पन्न त्याहून अधिक असल्यास फ्रीशिप आहे. दोन्हींचे अर्ज महाडीबीटीवर होतात. मात्र व्यावसायिक अभ्यासक्रमाचा प्रवेश शासनाच्या केंद्रीय फेरीतून हवा. मॅनेजमेंट कोट्यातून जागा घेतली की ही सवलत जाते, आणि 'जागा पक्की करून देतो' म्हणणारा एजंट हे सांगत नाही. खासगी वर्गांना तर शिष्यवृत्ती नाहीच. तिकडे शेत गहाण टाकून पैसे भरण्यापूर्वी दहादा विचार करावा. जात वैधता प्रमाणपत्रासाठी बारावीतच अर्ज करावा.

तरीही कमी पडले तर शैक्षणिक कर्ज आहे. बँकांच्या आदर्श योजनेत चार लाखांपर्यंत तारण मागत नाहीत, पालक सहकर्जदार असला म्हणजे झाले. हप्ते सामान्यतः अभ्यासक्रम संपल्यावर एक वर्षाने सुरू होतात, व्याज मात्र त्याआधीपासून चढत असते.

प्रवेश घेण्यापूर्वी महाविद्यालयाची प्रयोगशाळा पाहून यावे. भिंतीवर लावलेले तक्ते सोडून खरे राउटर व स्विच किती आहेत आणि विद्यार्थ्यांना त्यांना आठवड्यात किती तास हात लावू देतात, हे शिक्षकांना नव्हे, दुसऱ्या वर्षाच्या मुलांना विचारावे. यंत्रे कमी असतील तर पॅकेट ट्रेसर नावाचा सिस्कोचा प्रोग्राम फुकट मिळतो; त्यात संगणकाच्या पडद्यावरच जाळे जोडून, मुद्दाम मोडून पुन्हा जोडता येते.